आत्तेआजीचे दगड

निखिल, रिया,

त्या दिवशी फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आत्तेआजीचे दगड आता कोण घेणार?" मी "नंतर सांगते" म्हणाले आणि तुमच्याकडे बर्फ पडला का ते विचारलं. विषय बदलला हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं सांगण्याचंही त्राण नव्हतं. परवा शाळेची बैठक झाली. तिथे उत्तर द्यावंच लागलं. म्हणून आता लिहिते आहे.

आत्तेआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद, प्रभा. तुम्हाला ती सुट्टीपुरतीच भेटली. अंगणात बसवून, डोळे मिटायला लावून, गालाला दगड लावणारी आजी म्हणून तुम्ही तिला ओळखता, आणि ते बरोबरच आहे. तिच्याबद्दल तुम्हाला नीट, क्रमाने सांगावं म्हणून बसले, पण प्रत्येक वाक्य तिच्याशीच बोलल्यासारखं होऊ लागलं. दोन-तीनदा खोडलं. आता खोडत नाही. मी तिच्याशीच बोलते, तुम्ही शेजारी बसून ऐका. बाबा वाचून दाखवेल. कुठे अडलं तर त्याला विचारा. त्यानेही लहानपणी तिचे गुळाचे खडक पोटभर खाल्ले आहेत.

प्रभा, घर रिकामं झालं. तेरावं उरकलं, मुंबईची माणसं गेली, शेजारची आमटी-भाताची पातेली धुऊन परत केली. चहाचे कप आकाराप्रमाणे फडताळात लावले. तू असतीस तर दारातूनच म्हणाली असतीस, "वहिनी, कपांना पण नंबर घाल."

मी थकले आहे. रडून नव्हे, रडणं थोडंच झालं. आलेल्या प्रत्येकाला "हो, शांतपणे गेली" असं सांगून थकले. शांतपणे तू आयुष्यात एक गोष्ट केली नाहीस, आणि शेवटची तेवढी केलीस यावर माझा अजून विश्वास बसत नाही. 

तुझ्या आंब्याच्या पेट्या पडवीत होत्या तशाच आहेत. आंबे कधीच संपले, पेट्यांत दगड. भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढताना त्यांना अडखळायचा आणि विचारायचा, "हे काय, बांधकाम काढलंय का?" मी हो म्हणून टाकायचे.

मग एका सकाळी शाळेच्या समितीचे अध्यक्ष आले. सोबत तन्वी, तुझ्या जागी आलेली तरुण शिक्षिका. अध्यक्ष फार चांगलं बोलले. खरंच चांगलं, वरवरचं नव्हे. म्हणाले, "प्रभाबाईंची आठवण कायम राहिली पाहिजे. हॉलमध्ये काचेचं कपाट करू. वर बाईंचा फोटो. आत सगळे दगड चिकटवून, प्रत्येकाखाली नाव. तीन कप्पे, तीन प्रकार. किल्ली ऑफिसात. आणि वहिनी, लेबलं तुम्हीच करायची. एवढी वर्षं कॉलेजची लायब्ररी सांभाळलीत, तुमच्यासारखं कोण करणार?"

तन्वी पेटीतला एक दगड उचलून हातात फिरवत होती.

मी म्हटलं, "बैठकीत सांगते."

तुला कळतंय ना, काय झालं ते? इतकी वर्षं मी हेच मागत होते. लेबलं. मीच तुला चिकटपट्टी आणून दिली होती, जाड शाईची पेनं आणून दिली होती. तू त्या चिकटपट्टीने आमसुलांच्या बरण्यांची तोंडं बंद केलीस. आणि आता तू गेल्यावर सगळं गावच म्हणतंय, वहिनींचं बरोबर, लेबलं लावा.

आपलं भांडण कधी सुरू झालं ते नक्की सांगता येणार नाही. तू दुसरीच्या वर्गाला शिकवत होतीस. मुलांच्या खिशात दगड असतात म्हणून इतर शिक्षिका ओरडायच्या. तू खिसे रिकामे करायला लावलेस आणि दगड फेकून न देता टेबलावर मांडलेस. घरी येऊन मला विचारलंस, "वहिनी, तुझ्या लायब्ररीत दगडांवर सोपं पुस्तक आहे का गो?" सोपं नव्हतं. इंग्रजीतलं एक जाडजूड होतं, ते मी तुला संध्याकाळी वाचून, मराठी करून सांगायचे. अग्निज, गाळाचे, रूपांतरित. मला ते तीन शब्द फार आवडले होते. तीन घरं, प्रत्येक दगडाला एक घर. मी म्हटलं, उद्या मुलांना हे तीन शब्द फळ्यावर लिहून दे.

"एवढ्यात नको," तू म्हणालीस. "नाव सांगितलं की पोरं दगडाकडे बघायची थांबतात."

"नावाशिवाय लक्षात कसं राहणार?"

"तुला मासे कसे लक्षात राहिले? मुंबईहून, मासे न खाणाऱ्या घरातून आलीस तेव्हा बांगडा म्हणजे काय माहीत होतं का? आधी खाल्लास, मग नाव विचारलंस."

हे उत्तर तू पुढे वारंवार वापरलंस.

तुझी पद्धत अशी. मुलं गोल करून बसणार. डोळे बंद. हात पुढे. तू प्रत्येकाच्या तळहातावर एक दगड ठेवणार. आधी वजन बघायचं. मग बोटाने चाचपायचं. मग गालाला लावायचं, गार आहे की कोमट. मग वास. मग दगड शेजारच्याला द्यायचा. सगळ्या गोलातून फिरून आल्यावर डोळे उघडून प्रत्येकाने त्याला आपलं नाव द्यायचं. पुस्तकातलं नाव त्या दिवशी सांगायचं नाही, ते पुढच्या शनिवारी. मुलं काय काय नावं द्यायची! काळ्या दगडाला एकाने "करपलेली भाकरी" म्हटलं. आपल्या लाल, भोकाभोकांच्या जांभ्याला "मुंग्यांची चाळ". फुटक्या पाटीच्या तुकड्याला एक मुलगी म्हणाली, "हा शाळेत जाऊन आलेला दगड." तू मला ते सांगताना हसून हसून डोळे पुसत होतीस. मी म्हटलं, हे सगळं ठीक आहे, पण परीक्षेत करपलेली भाकरी लिहिलं तर शून्य मिळेल.

"दुसरीला परीक्षा कसली गो," म्हणालीस, आणि पानं वाढायला गेलीस.

माझं स्वयंपाकघर मात्र तू ताब्यात घेतलंस. गुळाचा पाक करून थंड ताटात ओतायचा. लगेच घट्ट, काळपट, गुळगुळीत, दाणा नाही. हा आपला सड्याखालचा, कातळाच्या माळाखालचा काळा दगड, जमिनीतून तापून वर आला आणि पटकन निवला. शेजारी खडीसाखर ठेवायची, कारण ती सावकाश बनते म्हणून तिला मोठे खडे पडतात. मे महिन्यात आंबापोळी. आज रसाचा एक थर, तो वाळला की उद्या त्यावर दुसरा. मुलं रोज येऊन थर बघायची. पोळी कापली की कडेला रेघा दिसायच्या. तोच गाळाचा खडक. मग तू त्यांना शहाबादी फरशीची फुटकी कड दाखवायचीस. मुलं एकदा पोळीकडे, एकदा फरशीकडे बघायची, आणि मग पोळी संपायची. "खडक शिल्लक राहत नाहीत," अशी तक्रार तू मुख्याध्यापकांकडे केली होतीस.

आणि नारळ. जांभा कसा झाला हे सांगायला तुला काही सुचत नव्हतं. पुस्तकातल्या तीन घरांत जांभा सरळ बसत नाही. मूळचा काळा दगड, पण पावसाने वर्षानुवर्षं त्यातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं. मागे राहिलं ते लोखंड आणि लाल चिकणमाती. इथल्या मुलाचं घर जांभ्याचं, कुंपणाचा गडगा जांभ्याचा, विहीर जांभ्याची, आणि त्यालाच पुस्तकात घर नाही. मी म्हणत होते, अपवाद म्हणून वहीच्या शेवटी टाका. तू चिडलीस. "आपल्या पायाखाली आहे तो अपवाद? आणि संगमरवर, जो इथे औषधालाही सापडत नाही, तो मुख्य?"

मग एकदा मी सोलकढीला नारळाचं दूध काढत होते. पाणी घालायचं, पिळायचं, पुन्हा पाणी, पुन्हा पिळायचं. तू चुलीपाशी उभी होतीस. माझ्या मुठीतला चोथा तू काढून घेतलास आणि ओरडलीस, "वहिनी, हाच! हाच जांभा!" पुढच्या शनिवारी मुलांच्या हातांत खवलेला नारळ. पिळा, पुन्हा पिळा. दूध गेलं. उरलं ते काय? ती युक्ती तुझी, पण नारळ माझा होता, हे मी तेव्हाही बोलून दाखवलं होतं.

त्यानंतर तू चौथी पेटी मागितलीस. जांभ्याची स्वतंत्र. मी म्हणत राहिले, पुस्तकात प्रकार तीनच आहेत. तू पेटी आणून ठेवायचीस, मी ती आवरताना उचलून ठेवायचे. पुढे पुढे आपण त्यावर बोलतही नव्हतो. पेटी यायची आणि जायची.

ओंकारच्या घरचं आठवतं? आता हसू येतं, तेव्हा घाम फुटला होता. लिंबाचा रस काही दगडांवर पिळला की बारीक फेस येतो, हे तू वर्गात दाखवलंस. काळ्या दगडावर काही नाही, जांभ्यावर काही नाही, फरशीच्या तुकड्यावर आणि संगमरवराच्या कपचीवर मात्र बुडबुडे. मुलं खूश. ओंकार घरी गेला आणि देव्हाऱ्याखालच्या पांढऱ्या फरशीवर अर्धं लिंबू पिळून, तिथेच ठेवून खेळायला गेला. नेमकी त्या दिवशी अमावास्या.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आपल्या फाटकाशी. आत येईना.

"बाई, माझ्या पोरान देवाखाली लिंबू पिळलान. सासूबायनी काल बघितलानी. तेव्हापासून पाण्याचा थेंब नाय घेतलेला. म्हणतायत कोणीतरी घरावर करणी केलान. शेजारणीशी बोलणं बंद केलानी."

"ओंकारने सांगितलं नाही का, बाईंनी शिकवलं म्हणून?"

"सांगितलान ना! तर म्हणतायत, मग बाईनंच केलान!"

मी आतून ऐकत होते. माझं मत असं की जाऊन त्या म्हातारीला शास्त्र समजावून सांगावं, हे सगळं खूळ आहे असं स्पष्ट सांगावं. मी साडी बदलून तयारही झाले. तू म्हणालीस, "तू ये, पण बोलू नको."

तिथे गेल्यावर तू म्हातारीच्या समोर खाली बसलीस. पिशवीतून एक फरशीचा तुकडा, एक काळा दगड आणि एक लिंबू काढलंस. लिंबू बघून ती मागे सरकली. तू म्हणालीस, "आजी, लिंबू तुमच्याच परड्यातलं आहे, तुमच्या सुनेने दिलंय. तुम्हीच पिळा." म्हातारीने खूप वेळ तुझ्याकडे पाहिलं. मग पिळलं. काळ्या दगडावर काही नाही. फरशीवर फेस. तिने वाकून, जवळजवळ नाक लावून पाहिलं. पुन्हा पिळलं.

"म्हंजे ह्यात चुना हाय," ती म्हणाली.

"चुन्याचाच भाऊ."

"मग देव पण चुन्याचा काय गो?"

"देव नाही हो आजी. देवाखालची फरशी."

म्हातारीने विचार केला. "मग ठीक हाय. पण अमुशेला नको." आणि सुनेला म्हणाली, "चाय ठेव. बायला दूध जास्त घाल."

त्यानंतर लिंबाचा तास ठरवताना तू आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचीस. मला राग यायचा. घरी येताना मी म्हटलं होतं, तू तिची अंधश्रद्धा तशीच ठेवलीस. तू चालत चालत म्हणालीस, "मी तिला शास्त्र शिकवायला गेले नव्हते वहिनी. तिने जेवावं म्हणून गेले होते." पुढे थोडं चालून म्हणालीस, "आणि वाकून बघितलंन ना तिने? तुझ्या पुस्तकाने कोणी वाकलं असतं?" त्या फरशीवरचा मळकट डाग अजून गेलेला नाही म्हणे. ओंकार आता कॉलेजात आहे. तुला पोचवायला आला होता.

तुझा दादा गेला तेव्हाचं मात्र मी कधी बोलले नाही. माझी नोकरी संपली होती, मुलगा परदेशी, आणि हे गेले. मी खोलीतून बाहेर येईना. लोक येऊन धीर देत. तू धीर दिला नाहीस. भाऊ तुझाही गेला होता. एका शनिवारी तू शाळेतून मुलांची रांग घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आलीस आणि म्हणालीस, "वहिनी, नारळ खवून दे. माझा हात दुखतोय." हात दुखत नव्हता. मला माहीत होतं. मी विळी घेतली. मुलं भोवती बसली होती. एकाने विचारलं, "आजी, तुमचे डोळे लाल का?" तू म्हणालीस, "नारळ ताजा असला की होतात." मुलांनी विश्वास ठेवला. मी नारळ खवत राहिले. त्या शनिवारपासून तासाला मी बसू लागले, तू निवृत्त झालीस तरीही आपण दोघी जात राहिलो. याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. मानले असते तर तू उठून मांजराला दूध घालायला गेली असतीस.

हातखंब्याला गेलो होतो तेही थकवणारंच होतं. हमरस्ता रुंद करायला डोंगर कापला होता. तू एस.टी.च्या खिडकीतून पाहिलंस आणि मांडीवरची पिशवी खाली पडेपर्यंत मान वळवलीस. "वहिनी, आतलं सगळं उघडं पडलंय. पुढच्या पावसात गवत येईल, मग दिसणार नाही." मी म्हटलं, धूळ, डंपर, एवढी लहान मुलं. तू पालकांना गोळा केलंस, काम बंद असलेला दिवस निवडलास. तरी तिथला मुकादम धावत आला.

"ओ बाई, पिकनिकला हीच जागा मिळाली?"

"डोंगर तुम्ही कापलात, आम्ही नुसता बघतोय. हात लावू की नको तेवढं सांगा."

"लांबून बघा. कडेला जाऊ नका."

मग लांबूनच. पण खाली पडलेले तुकडे त्याने स्वतः आणून दिले. वरचा लाल, खडबडीत जांभा. मधली मऊ, जांभळट-पांढरी माती, बोटाने दाबली की पिठासारखी. आणि तळाचा काळा. मुलांनी तिन्ही हातात घेतले. मधला तुकडा एका मुलीने जिभेला लावला, तर तो चिकटला. सगळ्यांना लावून बघायचा होता. एका मुलाने कड्याकडे बघून हात वर केला, "बाई, म्हणजे आमच्या घराच्या खाली पण काळाच आहे?" तू हो म्हणालीस. "आणि तो हळूहळू लाल होतोय?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी एवढी वर्षं पुस्तक वाचून मराठी करून सांगत होते, पण हे इतकं सरळ कधी सांगता आलं नव्हतं. परतीच्या गाडीत माझे गुडघे ठणकत होते आणि तू झोपली होतीस, तोंड उघडं टाकून.

आपलं शेवटचं भांडण दवाखान्यात झालं. बरं झालं, दुसरं काय बोलणार होतो आपण. सानिका नावाच्या मुलीने गच्ची फोडताना निघालेला काँक्रीटचा तुकडा आणला होता. मी तुला गंमत म्हणून सांगितलं. म्हटलं, मी तिला सांगितलं की हा दगड नव्हे, टाकून दे. तू उशीवरून मान उचललीस.

"टाकायला लावलास?"

"माणसाने केलेला आहे तो प्रभा. सिमेंट."

"आत काय आहे? खडी आहे ना? खडी कसली? काळ्या दगडाची. वाळू आहे. चुन्याच्या दगडाचं सिमेंट. सगळे प्रकार एकत्र बसलेत त्यात, आणि तू टाकायला लावलास."

"मग त्याला कुठल्या पेटीत घालायचं?"

तू काहीतरी म्हणणार होतीस. तेवढ्यात नर्स आली, रक्तदाब बघायला, आणि मला बाहेर बसायला सांगितलं. नंतर तुला झोप लागली होती. काय म्हणणार होतीस ते राहिलं. मी अंदाज करू शकते. पण अंदाज करायचा नाही असं मी ठरवलं आहे, कारण माझ्या अंदाजात तू नेहमी माझ्याशी सहमत होतेस.

तर, बैठक. तिच्या आदल्या शनिवारी मी पडवीत बसून दगड निवडत होते. कपाटात ठेवण्याजोगे, न फुटलेले, स्वच्छ. खरं सांगू, मला बरं वाटत होतं. ओल्या फडक्याने एकेक पुसला, कागदावर ओळीने मांडला, खाली सुबक अक्षरात नावं लिहिली. अग्निज, बेसाल्ट. गाळाचा, चुनखडक. रूपांतरित, पाटीचा दगड. कितीतरी दिवसांनी हातांना नीट काम मिळालं. जांभ्यापाशी येऊन थांबले. त्याची चिठ्ठी कोरी ठेवली.

तेवढ्यात तन्वी मुलांना घेऊन आली, पेट्या शाळेत उचलून न्यायला. मुलं आली आणि कोणी न सांगता गोल करून बसली. डोळे मिटले. हात पुढे केले. तन्वी गडबडली, म्हणाली, "अरे, आज तास नाही, आज नुसत्या पेट्या न्यायच्यात." कोणी डोळे उघडले नाहीत. सगळे हात तसेच पुढे.

प्रभा, मी दमलेली होते. मला वाटलं होतं, पेट्या जातील आणि पडवी मोकळी होईल. पण एवढे हात पुढे आलेले बघून नुसतं बसून कसं राहणार? मी कागदावरून एक दगड उचलला आणि पहिल्या हातावर ठेवला. मग दुसरा. पुसून ओळीने लावलेले सगळे गेले, चिठ्ठ्या तिथेच राहिल्या. वाऱ्याने त्यातल्या दोन-तीन उडाल्या, मी उठले नाही. दगड गोलातून फिरले, गालांना लागले, एक खाली पडून त्याची कड उडाली. सानिकाच्या हातात जांभा होता. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "ह्याचं नाव, पावसात राहिलेला पाव." मग माझ्याकडे बघून, "आजी, बरोबर?"

मला पुस्तकातलं उत्तर देता आलं असतं. मी म्हटलं, "मला काय ठाऊक? हात तुझा."

तन्वी म्हणाली, "प्रभाबाई हेच म्हणायच्या." मला माहीत नव्हतं की मीही ते म्हणू शकते.

परवाच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "लेबलं झाली का वहिनी?"

"नाही. आणि मी करणार नाही."

अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो, पण नावं नसतील, कुलूप नसेल, तर दगड हरवतील. पोरं खिशात घालून नेतील."

"नेऊ देत. रत्नागिरीत दगड कमी पडले तर मला सांगा."

दोन-तीन जण हसले. अध्यक्षांना ते लागलं, पण त्यांनी सोडलं नाही. "सुताराला सांगून ठेवलंय हो. कपाटाचं काय करायचं?"

"कपाट करा. काच नको, दार नको. हॉलमध्ये नको, मागच्या पडवीत. सगळ्यात वरच्या फळीलाही पहिलीतल्या मुलाचा हात पोचला पाहिजे."

"आणि बाईंचा फोटो?"

"ऑफिसात लावा. तिथे मोठी माणसं बसतात. फोटो त्यांना लागतो."

ते थोडा वेळ टेबलावरच्या कागदाची कड दुमडत बसले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, "ठीक आहे. पण तास कोण घेणार? दगड आपण होऊन शिकवत नाहीत."

याचं उत्तर मी नेलेलं नव्हतं. तुझ्यासारखं मला येत नाही, प्रभा. मला मुलांची नावं लक्षात राहत नाहीत, खाली बसलं की उठता येत नाही, आणि अजूनही कोणी "करपलेली भाकरी" म्हटलं की माझा हात खडूकडे जातो. तन्वी म्हणाली, "मी घेते. पण जांभ्याचं मला अजून जमत नाही."

"मला तरी कुठे जमतं," मी म्हटलं. "पण नारळ मी खवून देईन."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं.

निखिल, रिया, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. दगड कोणी घेतले नाहीत. शाळेच्या मागच्या पडवीत, कपाट तयार होईपर्यंत टाकलेल्या उघड्या फळ्यांवर ते आहेत. त्यांच्याखाली नावं लिहिलेली नाहीत. काही फुटलेत, काही मुलांच्या घरी गेलेत, काही नवे आलेत. आज शनिवार होता आणि तास झाला.